खाडीकाठची पाऊणकी

सहल म्हटली म्हणजे आगगाडीचे तिकीट, दूरचे गाव, डब्यांची बांधाबांध आणि वडिलांच्या खिशाला पडणारी कात्री, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या नाताळच्या सुटीपर्यंत आम्हीही त्याच समजुतीचे होतो. परंतु त्या सुटीत आम्हां सहा मित्रांपैकी कोणाच्याही घरून परगावी जाण्याचा योग नव्हता. तेव्हा खोपटच्या एस. टी. स्थानकाशेजारी उभे राहून, कोकणात व घाटावर जाणाऱ्या गाड्यांकडे हताशपणे पाहत असता, आमच्यांतील एकाने विचारले, "गाडी न पकडता कोठे कोठे जाता येईल, ते तरी आपण पाहिले आहे काय?" प्रश्न साधा होता, पण उत्तर कोणापाशीच नव्हते. ठाण्यात जन्मून ठाणे न पाहिल्याची लाज वाटून, आम्ही सुटीतील प्रत्येक रविवारी पायी सहल काढण्याचा निश्चय केला.

पहिली सहल अगदीच घरगुती झाली. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. त्यांतील सिद्धेश्वर तलाव तर आमच्या खोपटातच आहे. तेथून निघून आम्ही मासुंदा तलावावर गेलो. काठावरील कोपिनेश्वराचे देऊळ, १९७८ साली उघडलेले गडकरी रंगायतन, पाण्यातील होड्या हे सर्व रोजच्या पाहण्यातले. त्या दिवशी मात्र पाहण्याकरिताच आलो असल्यामुळे ते निराळे दिसले. पुढे कारागृहाच्या उंच भिंतीपाशी आलो. ही भिंत मुळात किल्ल्याची. पोर्तुगिजांचा हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला. याच ठिकाणी १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांस फाशी देण्यात आले. कान्हेरे त्या वेळी विशीच्या आतले होते. आमच्यांतील सर्वांत मोठा पंधरा वर्षांचा. परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी थट्टामस्करी केली नाही.

दुसऱ्या रविवारी आम्ही येऊरच्या डोंगरावर गेलो. हा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांच्या त्या रानात बिबट्याचा वावर असल्यामुळे एका मित्राचे वडील आमच्याबरोबर आले होते. सकाळच्या थंडीत साग व ऐन यांच्या वाळक्या पानांवरून चालताना पायांखाली पापड मोडल्यासारखा आवाज होई. चढणीच्या एका मोकळ्या जागेवर थांबून मागे पाहिले, तो पूर्वेकडे इमारतींच्या पलीकडे खाडीची चंदेरी रेघ उन्हात लकाकत होती. आम्ही सर्व एकदम ओरडलो, "पुढच्या रविवारी खाडी!" त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "जरूर. पण मला पुढल्या रविवारी कामावर जावयाचे आहे. मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय खाडीवर जावयाचे नाही."

येथून आमच्या चुकीस आरंभ होतो. ती लपवून ठेवली असती तर हा लेख पुष्कळच ऐटबाज झाला असता. परंतु मग तो लिहिण्याचे कारणही उरले नसते.

तिसऱ्या रविवारी दुपारी, "मराठी ग्रंथसंग्रहालयात वाचावयास जातो," असे सांगून आम्ही घरांतून बाहेर पडलो. १८९३ साली स्थापन झालेल्या त्या आदरणीय संस्थेचे नाव आम्ही खोटे बोलण्यासाठी वापरले, याची आज शरम वाटते. आमच्याबरोबर एका मित्राचा पाचवीतील धाकटा भाऊही होता. त्याला न न्यावे तर तो घरी बोलून टाकील, या भीतीनेच त्याला आम्ही सोबत घेतले होते. स्टेशनाचा पूल ओलांडताना आमच्यांतील इतिहासपंडिताने माहिती दिली की, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी चौदा डबे व तीन इंजिने घेऊन येथेच आली आणि पुढल्याच वर्षी खाडीवर पूल होऊन ती कल्याणपर्यंत पोहोचली. ज्ञानाची अशी देवघेव करीत आम्ही कोपरीतून मीठबंदरावर आलो.

घड्याळात साडेतीन झाले होते. पाणी दूरवर आटलेले होते आणि तिवरांच्या रांगेपुढे चिखलाचे विस्तीर्ण मैदान चकाकत होते. तिवराची श्वासमुळे पेन्सिली रोवून ठेवाव्या तशी वर आलेली. त्यांमधून निवट्या उड्या मारीत होत्या आणि इवले खेकडे आपला एकच मोठा आकडा हालवून जणू आम्हांस बोलावीत होते. दूर, पाण्याच्या कडेला, एक गुलाबी रेघ दिसली. ते रोहित पक्षी होते. त्यांसच अग्निपंख असेही म्हणतात.

धक्क्यावर एक वृद्ध कोळी जाळे सांधीत बसले होते. आम्हांस पाहून ते म्हणाले, "पोरांनो, इथूनच बघा. चिखलात उतरू नका." आम्ही "होय, आजोबा" म्हटले आणि ते पुन्हा जाळ्यात गुंतताच, तिवरांच्या आडून खाली उतरलो. उद्देश एवढाच की, गुलाबी रेघ थोडी जवळून पाहावी.

आरंभीचा चिखल घट्ट होता. वाटेत एक लहानसा ओहळ लागला, तो उडी मारून ओलांडला. त्यापुढे पाय घोट्यापर्यंत रुतू लागले, पण त्यातही मौज वाटली. पक्षी मात्र आम्ही जितके पुढे जाऊ तितकेच दूर वाटत. अखेरीस मोठ्यांपैकी कोणीतरी "परत फिरू या" म्हटले, तोच धाकट्याची हाक आली. तो आमच्या डाव्या अंगास दहा-बारा पावलांवर होता आणि गुडघ्याच्या वरपर्यंत रुतला होता.

प्रथम आम्ही हसलो. मग त्याच्या भावाने पुढे होऊन त्याचे दोन्ही हात धरून त्यास जोराने वर ओढले. त्यासरशी धाकटा काही वर आला नाही. ओढणारा मात्र मांडीपर्यंत खाली गेला. दुसरा त्याला ओढावयास गेला, त्याचीही तीच गत. इतक्यात कोणाचे तरी मागे लक्ष गेले. उडी मारून ओलांडलेला तो ओहळ आता ओहळ राहिला नव्हता. त्याची रुंदी तिप्पट झाली होती आणि त्यातील पाणी, खाडीकडे नव्हे, तर खाडीकडून आत वाहत होते. आमच्या समोरही पाणी होते आणि मागेही. धाकटा तोवर रडत नव्हता. आमचे चेहरे पाहून तो रडू लागला.

आम्ही हाका मारल्या. किती वेळ, ते सांगता येत नाही. पण सूर्य इमारतींच्या मागे जाण्याच्या बेतात होता. तेवढ्यात ओहळातून एक लहान होडी आली. तीत ते जाळे सांधणारे आजोबा व कोळीवाड्यातील एक तरुण असे दोघे होते. आजोबा दुरूनच ओरडले, "ओढू नका! ओढाल तितका चिखल धरतो!" त्यांनी होडीतील दोन फळ्या चिखलावर सरकवल्या आणि धाकट्यास म्हणाले, "बाळ, रडू नकोस. फळीवर पोटानं आडवा हो. आता पाय हळूहळू हलव. घाई नको. पाणी आत शिरू दे." पाणी रुतलेल्या पायाभोवती शिरताच चिखलाची पकड सैल झाली आणि धाकटा घोरपडीसारखा सरपटत फळीवर आला. त्याच्यामागून बाकीचे दोघे सुटले. उभे राहिल्याने शरीराचा सर्व भार दोन तळव्यांवर येतो, आडवे झाल्याने तो पसरतो. आणि पाय वर खेचला की त्याच्याखाली पोकळी होऊन चिखल त्यास उलट शोषून धरतो. हे सर्व आम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले होते. परीक्षेत त्यास गुणही मिळवले होते.

धक्क्यावर आल्यावर आजोबांनी आम्हांस नळाखाली उभे केले. ते रागे भरले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "आज तिथी काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. तारीख सर्वांस ठाऊक होती. तिथी कोणासच नव्हती.

"आज बारस. बारा पाऊण किती?"

यालाही उत्तर आले नाही. तेव्हा त्यांनीच सांगितले, "बारा पाऊण नऊ. नवाला भरती. त्यावर सहा तासांनी, सव्वातीनच्या सुमाराला सुकती. इथं आत पाणी पोचायला अर्धा तास जास्त धरा. तुम्ही आलात तेव्हा पाणी फिरायच्या बेतात होतं. त्यात पुनव जवळ, म्हणजे उधाणाचं पाणी. ते भराभर चढतं. अष्टमी-नवमीचा भांग असता तर थोडं सावकाश आलं असतं." मग जाळे उचलीत म्हणाले, "घरी काय सांगून आलात?" आम्ही माना खाली घातल्या. "मला नका सांगू. घरी सांगा."

आम्ही सर्वजण प्रथम धाकट्याच्या घरी गेलो आणि जे झाले ते त्याच्या आईस सांगितले. सांगताना ग्रंथसंग्रहालयाचा भाग आला, तेव्हा कोणाचाच आवाज निघेना. त्या माउलीने कोणासही बोल लावला नाही. तिने पदराच्या टोकाने मुलाच्या कानामागे राहिलेला चिखल पुसला आणि पुसता पुसता एवढेच म्हटले, "आणि ते आजोबा आज तिथे बसले नसते तर?" मार बसला असता तर तो विसरता आला असता. हा प्रश्न विसरता येत नाही.

आमच्यांतील एकाचे आजोबा जुन्या काळी शाळामास्तर होते. संध्याकाळी ते आम्हांस पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणावयास लावीत आणि आम्ही "गणकयंत्र असता हे कशाला?" म्हणून त्यांची टर उडवीत असू. त्या रात्री आम्ही आपण होऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एका दमात पाऊण, दीड, सव्वादोन, तीन असे म्हणत पंधरा पाऊण सव्वाअकरापर्यंत पाढा म्हटला आणि मग म्हणाले, "चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तास उशिरा येते. पाढा माणसाने केला. पण हिशेब चंद्राचा आहे."

पुढल्या रविवारी मित्राचे वडील व हे आजोबा यांच्यासमवेत आम्ही पुन्हा मीठबंदरावर गेलो. वडिलांनी पैशांचे पाकीट पुढे केले, त्यास कोळी आजोबांनी हात लावला नाही. मात्र दोन्ही आजोबा धक्क्यावर शेजारी शेजारी बसले. त्या दिवशी वद्य चतुर्थी होती. एकाने विचारले, "चार पाऊण?" दुसऱ्याने उत्तर दिले, "तीन." आम्ही बांधाला एक काडी रोवून घड्याळ हाती धरले. तीन वाजता पाणी अजून हळूहळू चढत होते. साडेतीनला ते काडीच्या एका खुणेशी थबकले, आणि थोड्या वेळाने खूण ओली ठेवून खाली उतरू लागले. इतका आनंद आम्हांस कोणत्याही सामन्यात झाला नव्हता.

ही खाडी आता जगाच्या नकाशावर आहे. तिचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ साली तिची गणना महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाली. पण जगात कोठेही जा, चिखल व भरती यांचा स्वभाव एकच. इंग्लंडमधील मोरकॅम येथील उपसागरात २००४ साली शिंपल्या वेचणारे वीसहून अधिक मजूर अंधारात भरतीने गाठून बुडाले. त्याच वाळूतून लोकांस पार नेण्यासाठी राजाने नेमलेला वाटाड्या सोळाव्या शतकापासून असतो. आपल्याकडे असा वाटाड्या कोणी नेमलेला नाही; तो धक्क्यावर जाळे सांधीत बसलेला असतो. फक्त त्याचे ऐकले पाहिजे.

वाचक मित्रांनो, सहली अवश्य काढा. खोपटापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरात तलाव आहेत, डोंगर आहे, खाडी आहे. आणि त्यास एक पैही लागत नाही. मात्र निघताना घरी खरे सांगा, मोठे माणूस बरोबर घ्या, आणि खाडीवर जाणार असाल तर तिथी विचारा. पाऊणकी येत नसेल तर आमच्या धाकट्याकडे या. तो आता एका दमात पंधरापर्यंत म्हणतो.