ज्याची त्याची ऊब

पुण्यात मायक्रोबायोलॉजी शिकत होते तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट पहिल्यांदा नीट पाहिलं. अंडाकृती पेशी, तिच्या कडेला फुटलेली कळी, आणि त्या कळीचीच पुढे होणारी नवी पेशी. एवढ्याशा जिवाच्या वाणावाणांत किती फरक असतो, हे मात्र लग्नानंतर ओरेगनला आल्यावर कळलं. अमेरिकेत 1978च्या कायद्यामुळे घरी बिअर बनवता येते. माझा नवरा बनवायचाच. मी त्यात रमले ती तुलनेच्या ओढीने.

जवाच्या मॉल्टचा गोड काढा, म्हणजे वर्ट, हॉप्सची कडवट फुलं घालून एकाच पातेल्यात उकळायचा, गार करून चार बरण्यांत सारखा वाटायचा आणि प्रत्येकीत वेगळं यीस्ट घालायचं. कॅलिफोर्नियाचं चिको स्वतः मागे राहतं, मॉल्ट आणि हॉप्सची चव स्वच्छ येऊ देतं. इंग्लिश एल बिअरचं वाण थोडी साखर शिल्लक ठेवून लवकर तळाला बसतं. बव्हेरियातल्या वाइसबिअरचं यीस्ट मात्र काढ्यात कधी नव्हतेच असे केळ्याचे आणि लवंगेचे वास घेऊन येतं. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा. लवंगेचा वास ज्या द्रव्याचा, ते धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून यीस्टच घडवतं. बव्हेरियाच्या 1516च्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढंच सांगितलं आहे. चव घडवणाऱ्याचं नावच त्यात नाही!

चौथ्या बरणीत नॉर्वेच्या व्हॉस भागातलं क्वाइक नावाचं यीस्ट. तिथल्या शेतकरी घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या राखलं. लाकडी कड्यांवर वाळवून पुढच्या खेपेपर्यंत जपलं. 35 ते 40 अंश सेल्सिअसवर, जिथे बहुतेक एल यीस्टची बिअर उग्र होऊन बिघडते, तिथे हे काही दिवसांत काम उरकतं आणि संत्र्यासारखा वास ठेवून जातं. चारही बरण्या एकाच तापमानात ठेवल्या की तुलना चोख होते, असं म्हणतात. मला ते पटत नाही. 19 अंशांवर क्वाइकची ओळखच होत नाही. ज्याला त्याची ऊब दिली, तरच ते काय करू शकतं ते कळतं.

1883मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी लागर बिअरच्या यीस्टचं शुद्ध वाण वेगळं केलं. कार्ल्सबर्गने त्याचं पेटंट न घेता ते इतरांनाही दिलं. हे औदार्य मला फार मोठं वाटतं. पण शुद्ध वाणं सर्वत्र पोचली आणि घरोघरची, गावोगावची मिश्र यीस्टं मागे पडत गेली. व्हॉससारख्या भागांत ती उरली, कारण माणसांनी ती टाकली नाहीत.

क्वाइक हाताळताना मला वेंगुर्ल्याची, माझ्या आजोळची माडी, म्हणजे माडाचा आंबणारा रस, आठवते. पहाटे उतरवलेली माडी उन्हं चढेपर्यंत फेसाळते, तीही कोकणच्या उष्म्यात, कोणी काही न घालता. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, अशाच माडीने पावाचं पीठ फुगवत. आता बहुतेक ठिकाणी तयार यीस्ट आलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. कोकणातल्या महाविद्यालयांत मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या मुलामुलींनी आपापल्या गावच्या माडीतली यीस्टं वेगळी करावीत, त्यांची तुलना करावी आणि ती अशा संग्रहात जपून ठेवावीत. माडावर चढणारी माणसं आहेत, तोवरच हे काम करता येईल.