पॅच मारला, पण कुठपर्यंत?

टीममधल्या एखाद्या मुलानं ‘सर, पॅच मारला’ असं सांगितलं, की माझे पुढचे प्रश्न ठरलेले असतात. डिस्कवर मारलास की चालू प्रोसेसपर्यंत पोचला? नुसता अप्लाय केलास की कमिटही केलास? युनिक्समध्ये या प्रत्येक शब्दाला स्वतंत्र अर्थ आहे. तो अर्थ नीट कळला नसेल, तर पहाटे तीन वाजता माणूस चुकीची कमांड देतो.

मी मरोळला काम करतो. शेजारचं सीप्झ १९७३ मध्ये सुरू झालं आणि हळूहळू सगळा पट्टा संगणकाच्या कामानं भरून गेला. बँका, विमा कंपन्या, दलाली पेढ्या यांचे सर्व्हर सांभाळणारी माणसं इथं रात्रपाळीला असतात. शनिवारची मध्यरात्र ते रविवारची पहाट ही आमची ‘विंडो’, म्हणजे बदल करायला मिळालेली मुभा. दिवाळीत ती मुभाही नसते. खरेदी, पैसे पाठवणं आणि मुहूर्ताचे सौदे यांमुळे ‘चेंज फ्रीझ’ लागतो आणि सगळं काम आदल्या शनिवारांवर येऊन पडतं.

नव्या मुलांना मी सुरुवात आयबीएमच्या एआयएक्सपासून करायला सांगतो, कारण तिथले शब्द सर्वांत काटेकोर आहेत. इन्स्टॉल होणारा सर्वांत लहान घटक म्हणजे ‘फाइलसेट’. दोष नोंदला गेला की त्याला ‘एपीएआर’ क्रमांक मिळतो आणि त्याची दुरुस्ती ‘पीटीएफ’ म्हणून येते. अशा अनेक दुरुस्त्या मिळून ‘सर्व्हिस पॅक’ होतो. त्याहून मोठा टप्पा म्हणजे ‘टेक्नॉलॉजी लेव्हल’. सर्व्हिस पॅक ‘अप्लाय’ केला की जुन्या फायली बाजूला जपून ठेवल्या जातात. काही बिघडलं तर ‘रिजेक्ट’ करून मागे जाता येतं. ‘कमिट’ केलं की त्या जुन्या प्रती पुसल्या जातात, डिस्कवर जागा मोकळी होते आणि परतीची वाट बंद होते. थोड्याशा जागेसाठी घाईनं कमिट करू नये, हे माझं ठाम मत आहे. महिनाअखेरची व्याजाची बॅच आणि पगाराची बॅच पार पडू द्यावी, मग कमिट करावं. टेक्नॉलॉजी लेव्हल बदलताना तर मी रिजेक्टवर विसंबतच नाही. आधी सबंध सिस्टिमची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढतो. गडबड झालीच, तर त्या डिस्कवरून मशीन बूट होतं.

सोलॅरिस १० अजूनही काही ठिकाणी चालू आहे. तिथल्या पॅचचा क्रमांकच बरंच सांगतो. ११८८३३-३६ हा गाजलेला कर्नल पॅच घ्या: पहिले सहा आकडे त्याची ओळख, शेवटचे दोन आवृत्ती. नव्या आवृत्तीत जुनी सामावलेली असते. सोबतच्या रीडमीमध्ये आधी कोणता पॅच लागतो, हा कोणता पॅच कालबाह्य करतो, सिंगल-यूजर मोड हवा का आणि शेवटी रिबूट लागेल का, हे सगळं लिहिलेलं असतं. रीडमी न वाचता पॅचअ‍ॅड चालवणं मला मान्य नाही. एचपी-यूएक्समध्ये नावाची सुरुवातच बोलते: पीएचकेएल म्हणजे कर्नल, पीएचएनई म्हणजे नेटवर्क.

सर्वांत जास्त वाद होतात ते लिनक्सवरच्या ‘बॅकपोर्ट’वरून. ७ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला. मूळ प्रकल्पानं सांगितलं, १.०.१जी घ्या. रेड हॅटनं मात्र आपल्या ग्राहकांना १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून तेवढीच दुरुस्ती त्यात बसवून दिली. बँकेचं सॉफ्टवेअर ज्या आवृत्तीवर तपासून घेतलेलं असतं ती हलू नये, हा त्यामागचा शहाणपणा. पण ऑडिटर वरवरचा क्रमांक पाहून लाल शेरा मारतो. अशा वेळी हुज्जत घालू नये. पॅकेजचा चेंजलॉग काढून त्यातला सीव्हीई-२०१४-०१६० हा क्रमांक दाखवावा, विषय तिथंच मिटतो.

खरी अडचण त्याच्याही पुढे आहे. लायब्ररी डिस्कवर बदलली तरी आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली जुनीच वापरत राहतो. उघड्या फायली दाखवणारी एलएसओएफ ही कमांड चालवली की पुसलेली फाइल अजून उघडी असल्याचं दिसतं. ती सर्व्हिस रिस्टार्ट होत नाही तोवर पॅच फक्त कागदावर असतो. हार्टब्लीडमध्ये खासगी किल्ल्या बाहेर गेल्याची शक्यता होती, म्हणून नव्या किल्ल्या आणि नवी सर्टिफिकेटंही काढावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात बॅश या शेलमधला शेलशॉक हा दोष निघाला, आणि त्याचा पहिला पॅच अपुरा ठरून दुसरा टाकावा लागला.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर जेएनपीटी बंदर आठवा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा संगणक-व्हायरस जगभर पसरला आणि मर्स्क या जहाज-वाहतूक समूहाच्या हातातलं न्हावा शेवा इथलं गेटवे टर्मिनल्स इंडिया विस्कळीत झालं. ती यंत्रं विंडोजची, पण धडा आमच्यासाठीही तोच आहे. ज्या दोषाचा त्यात वापर झाला त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता. आणि युक्रेनमध्ये हा हल्ला आत शिरला तो एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! शिवाय चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर तो पॅच केलेल्या यंत्रांवरही पसरत गेला. म्हणून पॅच टाळणं धोक्याचं आहे, तसंच आलेला अपडेट डोळे मिटून घेणंही. पॅकेजची डिजिटल सही तपासण्याची सोय लिनक्सवरच्या आरपीएम या पॅकेज व्यवस्थेत आहे. काम लवकर व्हावं म्हणून ती तपासणी बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. ते कोणीही करू नये. अर्थात, अपडेट देणाऱ्याच्याच घरात चोर शिरला असेल तर सहीही पुरी पडत नाही. त्यासाठी आधी टेस्ट सर्व्हर, मग प्रॉडक्शन, हा क्रम मोडायचा नाही.

ज्यांच्या हाताखाली अशी टीम आहे त्यांना माझी विनंती आहे. चेंज तिकीट बंद करताना ‘पॅच मारला’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या क्रमांकाचा, सही तपासली का, कोणत्या सर्व्हिस रिस्टार्ट केल्या, मागे जायची वाट कधीपर्यंत उघडी आहे, हे लिहून घ्या. आणि रविवारी पहाटेपर्यंत जागलेल्या मुलांना सोमवारी सुट्टी द्या.