वादळ अजून किती लांब आहे?

लखनौला समुद्र नाही. तरी गाव कोकणात असलं की मे-जूनमध्ये मोबाईलवर अरबी समुद्राचा नकाशा उघडला जातोच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा माझे काका-काकू श्रीवर्धनला होते. बाराशे किलोमीटरहून लांब बसून मला करण्यासारखं एकच होतं: वेळेवर फोन. त्यासाठी वादळ किती लांब आहे ते कळायला हवं.

नकाशावर बोटाने अंतर मोजू नका. नकाशा मोठा-छोटा केला की अंदाज चुकतो. हवामान विभागाच्या पत्रकात वादळाच्या केंद्राचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात, ते घ्या.

समजा, केंद्र १५ उत्तर, ७१ पूर्व इथे आहे. श्रीवर्धन साधारण १८ उत्तर, ७३ पूर्व. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तीन अंशांचे ३३३. रेखांश मात्र उत्तरेकडे जाताना जवळ येत जातात. कोकणात एक अंश सुमारे १०६ किलोमीटर, तर लखनौत ९९च. म्हणून दोन अंशांचे २१२ धरा. आता शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा: दोन्ही संख्यांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येतं सुमारे ३९५ किलोमीटर. वादळ ताशी १५ किलोमीटरने सरळ तुमच्या गावाकडे येत असेल, तर हातात साधारण २६ तास आहेत.

पण हे अंतर केंद्राचं. वारा-पाऊस त्याच्या कितीतरी आधी पोचतो, शिवाय वादळ वाट आणि वेगही बदलतं. त्यामुळे दर नव्या पत्रकानंतर हिशेब पुन्हा करा. घर सोडायचं की नाही, हे मात्र प्रशासनाच्या सूचनेवरूनच ठरवायचं.

‘निसर्ग’ने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. विजेचे खांब पडले, फोन बंद झाले आणि अनेक गावांशी कित्येक दिवस संपर्क नव्हता. तेव्हा तुमचं कुणी किनाऱ्यावर राहत असेल, तर आकडा चारशेच्या आसपास असतानाच फोन लावा. मोबाईल चार्ज केलाय का, पाणी भरलंय का, औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत ठेवलीत का, आणि छप्पर उडालं तर शेजारी कुणाचं पक्कं घर आहे, एवढं विचारून घ्या.