बऱ्या माणसाचं ऑपरेशन

आजारी माणसाच्या ऑपरेशनला घरचे पटकन तयार होतात. अपेंडिक्स आहे? काढून टाका, विषय संपला. पण जो रोज सकाळी चार किलोमीटर फिरून येतो, रविवारी मिसळीबरोबर एक्स्ट्रा पाव मागवतो आणि ‘मला काय धाड भरलीय?’ असं वर विचारतो, त्याच्या मानेवर ब्लेड चालवायला हो कसं म्हणायचं? गेल्या वर्षी आमच्या घरात सहा दिवस हा एकच टॉपिक होता.

हा माणूस म्हणजे माझे बाबा. वय ६७. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर. बीपीची गोळी आठवण आली तर, आणि तंबाखूची पुडी मात्र न चुकता खिशात.

एका संध्याकाळी शब्दकोडं सोडवताना त्यांच्या उजव्या हातातून पेन गळून पडलं. उचलायला गेले, तर बोटं ऐकेनात. आईला काहीतरी सांगायला लागले, तर शब्द चावल्यासारखे बाहेर येत होते. दहा-बारा मिनिटं हे चाललं. मग सगळं नॉर्मल! चहा प्यायले, कोडंही पूर्ण केलं. सिन्नरहून आत्याचा फोन आला, ‘‘अगं, वारं गेलं असेल अंगावरून. तेल चोळ.’’

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र ऐकताक्षणी खुर्ची सरकवली. म्हणाले, ‘‘बरं झालं म्हणून खूश होऊ नका. आत्ताच्या आत्ता न्यूरोलॉजिस्टकडे जा.’’

डॉक्टरी भाषेत याला टीआयए म्हणतात. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि परत सुरू होतो. जणू मोठ्या स्ट्रोकचा मिस्ड कॉल. आणि खऱ्या स्ट्रोकचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पुढच्या दोन दिवसांत. त्यामुळे ‘सोमवारी बघू’ हा फंडा इथे चालत नाही.

त्याच रात्री एमआरआय झाला, औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मानेची डॉपलर सोनोग्राफी आणि सीटी अँजिओ. रिपोर्ट आला : डावी कॅरोटिड ८० टक्के अरुंद.

जबड्याखाली बोटं ठेवा. जी नाडी लागते ती कॅरोटिड. तिथेच वर तिचे दोन फाटे होतात, एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. या फाट्यावर रक्ताला भोवरा पडतो आणि चरबीचा थर साचायला लागतो. सोसायटीच्या जुन्या पाइपात गंज साचतो ना, तसा. पाइप पूर्ण तुंबणं ही एक भीती आहेच, पण जास्त भीती गंजाचा तुकडा सुटून वर जाण्याची असते. त्या थराचे किंवा त्यावर धरलेल्या गुठळीचे तुकडे मेंदूच्या बारीक नसेत अडकतात. डावा मेंदू उजवा हात चालवतो आणि बहुतेकांचं बोलणंही. म्हणून पेन उजव्या हातातून पडलं होतं.

हे कनेक्शन वाटतं तेवढं जुनं नाही. १९५१ मध्ये कॅनडातल्या मिलर फिशर या न्यूरोलॉजिस्टने मानेतली ही नस आणि असे येऊन जाणारे झटके यांचा संबंध ठळकपणे मांडला. १९५३ मध्ये ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी एका बसड्रायव्हरची कॅरोटिड उघडून आतला थर काढला. तो त्यानंतर १९ वर्षं जगला. १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ६६ वर्षांच्या एका बाईंवर या नसेचं ऑपरेशन झालं. त्याआधी त्यांना असे ३३ झटके येऊन गेले होते. तेहतीस!

पण आमचं गाडं हिस्टरीवर नाही, आकड्यांवर अडलं होतं. व्हॅस्क्युलर सर्जनने कागदावर शंभर ठिपके काढले. १९९१ मध्ये अमेरिका आणि कॅनडात मिळून झालेल्या नॅसेट नावाच्या ट्रायलचे निकाल आले होते. लक्षणं दिसलेली आणि नस ७० ते ९९ टक्के अरुंद असलेली माणसं त्यात होती. नुसत्या औषधांवर असलेल्या १०० पैकी २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक आला. ऑपरेशन झालेल्यांत ९ जणांना. आणि या नवात ऑपरेशनमुळेच आलेले स्ट्रोकही धरलेले. सर्जनने हेही सांगितलं की तेव्हापासून औषधं खूप सुधारली आहेत, त्यामुळे आज हा फरक इतका मोठा नसेल. तरी लक्षणं दिसलेल्या आणि एवढ्या अरुंद नसेसाठी सल्ला ऑपरेशनचाच, तोही शक्यतो पंधरा दिवसांत.

पुण्याहून दादा फोनवर, ‘‘मुंबईला नेऊ या का?’’ आई, ‘‘अहो, पण तुम्हाला तर काहीच होत नाहीये.’’ आणि बाबांनी विचारलं, ‘‘डॉक्टर, त्या नवात मी असलो तर?’’

‘‘असू शकता,’’ सर्जन म्हणाले. ‘‘म्हणून मला विचारा, मी अशी किती ऑपरेशन्स केली आणि त्यातली किती बिघडली.’’ आम्ही विचारलं. त्यांनी दोन्ही आकडे सांगितले. कुठल्याही शहरात, कितीही चकाचक लॉबी असलेल्या हॉस्पिटलात, हा प्रश्न विचाराच. लक्षणं असलेल्या पेशंट्समध्ये शंभरी सहाच्या वर स्ट्रोक किंवा मृत्यू होत असतील, तर ऑपरेशनच्या फायद्याचं गणितच फिसकटतं.

बाबांनी तो ठिपक्यांचा कागद घरी आणला. आयुष्यभर नोटांच्या गठ्ठ्यांतून खराब नोट शोधणारा माणूस! रात्री चष्मा लावून त्यांनी ते ठिपके परत मोजले आणि म्हणाले, ‘‘सव्वीसापेक्षा नऊ बरे. करू.’’ कन्सेंट फॉर्मवर सही त्यांनीच केली. उजव्या हाताने.

ऑपरेशन फक्त मान बधिर करून झालं. उजव्या हातात दाबलं की चीं-चीं वाजणारं रबरी खेळणं दिलेलं. नस चिमट्याने बंद असताना खेळणं वाजतंय, म्हणजे मेंदूला बाकीच्या नसांतून रक्त पोचतंय. आवाज थांबला की सर्जन तात्पुरती नळी घालून रक्त पुढे नेणार. दोन तासांत आतला थर निघाला, नसेला ठिगळ बसलं. तिसऱ्या दिवशी घरी. दाढी करताना कानाखाली अजून बधिर लागतं, एवढीच तक्रार. ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि बीपीची गोळी आता रोज. तंबाखू बंद. (हे ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं.)

काहींना ऑपरेशनऐवजी जांघेतून नळी नेऊन स्टेंट बसवतात. २०१० च्या क्रेस्ट ट्रायलमध्ये त्या दरम्यान स्ट्रोक जास्त दिसले, तर ऑपरेशनमध्ये हार्ट अटॅक. सत्तरीपुढच्यांना साधारणपणे ऑपरेशनच बरं मानतात.

आता हे वाचून आई-बाबांसाठी ‘फुल बॉडी पॅकेज’ बुक करायला निघाला असाल, तर जरा थांबा. काहीच लक्षणं नसलेल्या सगळ्यांची सरसकट डॉपलर करू नये, असाच सल्ला आहे. २०२५ मध्ये आलेल्या क्रेस्ट-२ या अभ्यासात नस बरीच अरुंद पण लक्षणं नसलेल्या लोकांपैकी, नीट औषधं घेणाऱ्या शंभरातल्या पाच-सहा जणांनाच चार वर्षांत फटका बसला. अशांसाठी घाईने ब्लेड नको. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांच्याकडे आधी बघा.

आणि आपलं काय? झिरोधाचे नितीन कामत यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यांना सौम्य स्ट्रोक येऊन गेला. वय होतं ४४, फिटनेसचं वेड असलेला माणूस. तेव्हा ‘आपण यंग आहोत’ हे काही इन्शुरन्स नाही, बॉस!

नाशिककरांना एक खास सूचना. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय आणि ते थांबत नसेल, तर १०८ लावा आणि सीटी स्कॅन असलेलं जवळचं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ‘डायरेक्ट मुंबईला नेऊ’ म्हणत कसारा घाट उतरण्यात त्यातला बराच वेळ जातो, आणि स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरत असतात.

या रविवारी घरी फोन कराल तेव्हा जेवण-खाण विचारून झाल्यावर एक प्रश्न जादा विचारा : हात गळाल्यासारखा, बोलणं बोबडं किंवा एका डोळ्यापुढे पडदा, असं थोडा वेळ होऊन गेलंय का अलीकडे? ‘‘झालं होतं रे, पण गेलं लगेच,’’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवा आणि गाडी काढा.