छापणाऱ्याचे नाव

कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकावरच्या खटल्याची हकीकत मराठी वाङ्मयाच्या इतिहासात चार-पाच ओळींत उरकते. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरचा लेख या मासिकात आला. सरकारला त्यात राजद्रोह दिसला. १९०८ सालच्या त्या खटल्यात संपादक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर, प्रकाशक वामन मल्हार जोशी आणि मुद्रक जोशीराव या तिघांनाही शिक्षा झाली. वामन मल्हारांच्या वाट्याला तीन वर्षांची सक्तमजुरी आली. ज्यांच्या लेखणीतून तो लेख उतरला ते सातवळेकर नंतर उत्तरेत पकडले गेले. त्यांना कोल्हापुरात आणले, त्यांच्यावरही खटला चालला आणि ते निर्दोष सुटले.

लिहिणारा सुटला, छापणारा अडकला.

या चौघांपैकी तिघांची चरित्रे सहज सापडतात. विजापूरकर राजाराम कॉलेजात संस्कृत शिकवत. ‘ग्रंथमाला’ मासिक त्यांनी १८९४ पासून चालवले, ‘समर्थ’ साप्ताहिक काढले, राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय उभारले. ते विद्यालय पुढे तळेगावला गेले आणि १९१० साली सरकारने बंद पाडले. वामन मल्हार तुरुंगातून सुटले, ‘रागिणी’ कादंबरीचे कर्ते म्हणून घरोघर पोचले आणि १९३० साली मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सातवळेकरांनी वयाची शंभरी ओलांडली, त्यांना पद्मभूषण मिळाले. जोशीराव मात्र या तिघांच्या चरित्रात एकेका वाक्यापुरते डोकावतात. त्यांच्या नावामागे ‘मुद्रक’ एवढाच शब्द असतो आणि पुढचे वाक्य पुन्हा संपादकांकडे वळते.

अमेरिकेत हीच गोष्ट अगदी उलटी घडली. जॉन पीटर झेंगर हा जर्मनीतून आलेला निर्वासित मुलगा. १७१० साली, तेरा वर्षांचा असताना तो न्यूयॉर्कला पोचला आणि विल्यम ब्रॅडफर्ड या सरकारी मुद्रकाकडे उमेदवारीला लागला. पुढे त्याने स्वतःचा छापखाना थाटला. त्या वेळी न्यूयॉर्क ही ब्रिटिशांची वसाहत होती आणि विल्यम कॉस्बी हा तिथला गव्हर्नर होता. त्याच्या मनमानीने चिडलेल्या मंडळींनी नोव्हेंबर १७३३ मध्ये ‘न्यूयॉर्क वीकली जर्नल’ सुरू केले. जेम्स अलेक्झांडर हा नामांकित वकील त्यातला मुख्य लेखक, पण लेखांवर नावे नसत. अंकावर नाव होते ते झेंगरचे, कारण छापत तो होता. १७३४ च्या नोव्हेंबरात सरकारने पत्राचे चार अंक जाहीरपणे जाळण्याचा हुकूम काढला आणि झेंगरला कैद केले. जामिनाची रक्कम त्याच्या ऐपतीबाहेरची ठेवली होती. आठ-नऊ महिने तो तुरुंगात राहिला. त्या काळात त्याची बायको ॲना कॅथरीन हिने छापखाना चालू ठेवला. तुरुंगाच्या दाराच्या भोकातून नवरा सांगे आणि ती अंक काढी.

ऑगस्ट १७३५ मध्ये खटला उभा राहिला. त्या काळच्या कायद्याप्रमाणे पंचांनी एवढेच ठरवायचे होते, की हा मजकूर या माणसाने छापला की नाही. मजकूर बदनामीकारक आहे का, हे ठरवणे न्यायाधीशाच्या हाती. फिलाडेल्फियाहून आलेले म्हातारे वकील अँड्र्यू हॅमिल्टन उभे राहिले आणि त्यांनी सुरुवातीलाच कबूल करून टाकले, की होय, झेंगरने हे छापले आहे. मग त्यांनी पंचांना विचारले, की छापलेले खरे असेल तर तो गुन्हा कसा? पंचांनी झेंगरला निर्दोष सोडले. आज अमेरिकेत वृत्तपत्रस्वातंत्र्याची गोष्ट या खटल्यापासून सांगतात आणि तिचा नायक मुद्रक असतो. अलेक्झांडरचे नाव अभ्यासकांनाच ठाऊक. त्याच देशात बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या मृत्युपत्रात स्वतःची ओळख देताना आधी मुद्रक असे लिहिले आणि फ्रान्समधल्या वकिलातीचा हुद्दा त्यानंतर.

आपल्याकडे मुद्रकाला असे स्थान का मिळाले नाही, हा प्रश्न कोल्हापुरात बसून विचारण्यात विशेष अर्थ आहे. आपले पहिले मोठे मुद्रकही काही कमी तोलाचे नव्हते. गणपत कृष्णाजींनी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली पुस्तके पाहिली आणि स्वतःच्या खटपटीने शिळाप्रेस उभा केला. १८३१ साली त्यांनी पंचांग छापले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसे छापील कागदाला शिवत नसत, तर त्यांनी शाईत तूप घातले. जावजी दादाजींनी त्याच अमेरिकन छापखान्यात पोरवयात महिना दोन रुपयांवर छपाईचे खिळे घासण्याचे काम केले. त्या मुलाने पुढे स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि निर्णयसागर छापखाना उभारला. निर्णयसागरच्या संस्कृत पोथ्या देशभरचे पंडित डोळे झाकून प्रमाण मानत. म्हणजे अमेरिकेतल्या छापखान्यांची परंपरा मिशनऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून मराठी मुलखात आली होती. कोल्हापुरातही १८५२ पासून अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर काम करत होते. कसब आले, यंत्रे आली, मुद्रकाचा मान मात्र मागेच राहिला.

कायद्याने तरी मुद्रकाला विसरू दिले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छापण्याचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. सरकारला लेखक सापडो न सापडो, छापखाना सापडायला हवा होता. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांच्याशेजारी ‘केसरी’चे मुद्रक केशव महादेव बाळ उभे होते. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, बाळ सुटले. टिळकांचा तो खटला शाळेच्या पुस्तकात आहे, बाळांचे नाव कुठल्या धड्यात नाही. आणि १९१० च्या प्रेस ॲक्टाने तर थेट छापखान्याच्या मालकाकडूनच अनामत मागितली. ती एकदा जप्त झाली की पुढची अनामत दहा हजारांपर्यंत जाई. त्या काळात एवढी रक्कम म्हणजे कित्येक छोट्या छापखान्यांचे सगळे भांडवल. संपादकाला नवा लेख लिहायला कागद आणि दौत पुरे. मुद्रकाचे यंत्र, खिळे, भाड्याची जागा, नोकरांचे पगार असे सगळेच पणाला लागे.

मुद्रकाला काय छापले ते कळत नसते, त्याचा हात यंत्रासारखा चालतो, अशी एक समजूत आहे. हाताने खिळे जुळवण्याचे काम ज्याने पाहिले आहे त्याला ती पटणार नाही. जुळारी उभ्याने काम करी. समोर तिरकी लावलेली केस, तिच्यात खिळ्यांची घरे. इंग्रजीला दीडशेच्या आसपास घरांत भागते. देवनागरीला काना, मात्रा, रफार, उकार, जोडाक्षरे धरून कितीतरी जास्त घरे लागतात. डाव्या हातात खिळे ओळीने लावायची स्टिक, उजवा हात घराघरांतून फिरतो. खिळा उचलला की अंगठ्याला त्याची खाच लागते आणि न बघता तो सुलटा बसतो. अक्षर खिळ्यावर उलटे असते, म्हणून ओळ उलटी वाचायची सवय लागते. ओळ भरली की स्पेस घालून ती ताठ करायची, ओळी गॅलीत उतरवायच्या, दोऱ्याने बांधायच्या, कच्चे मुद्रित काढायचे. संपादकाने तांबड्या शाईने गिरवलेल्या चुका चिमट्याने एकेक काढायच्या. मग फर्मा आवळायचा आणि तो यंत्रावर चढवायचा. वाचक जे वाक्य दोन सेकंदांत वाचतो ते जुळाऱ्याच्या बोटांखालून अक्षराअक्षराने जाते, दुरुस्तीच्या वेळी पुन्हा एकदा जाते. वेदमंत्रांवरचा लेख असेल तर जोडाक्षरांची रेलचेल, म्हणजे हात आणखी सावकाश. असा लेख छापणाऱ्या छापखान्यात तो लेख कुणी वाचलाच नव्हता, असे म्हणणे अवघड आहे.

आणि छपाई झाली की फर्मा सुटतो. खिळे धुऊन पुन्हा आपापल्या घरात जातात. राजद्रोहाच्या लेखातला ‘त’ आठवड्याने कुणाच्या लग्नपत्रिकेत बसतो, मग दरबारच्या एखाद्या जाहीरनाम्यात, मग औषधाच्या जाहिरातीत. लेखकाचे हस्तलिखित जपून ठेवता येते, संपादकाची पत्रे कुणीतरी बासनात बांधून ठेवतो. मुद्रकाने केलेले काम त्याचे त्यालाच मोडावे लागते, नाहीतर उद्याचे काम उभे राहत नाही. त्याची खूण म्हणून राहते ती पुस्तकाच्या अखेरीस बारीक टाइपातली एक ओळ.

कोल्हापूरच्या बाबतीत हे सांगताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. विजापूरकर आणि त्यांचा गोतावळा वेदोक्त प्रकरणात, म्हणजे छत्रपतींचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही या वादात, शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजूला होता. त्या वादात महाराज न्याय्य बाजूला होते, याबद्दल आज शंका घेण्याचे कारण नाही. ज्या वेदांच्या तेजाचे गुणगान ‘विश्ववृत्त’ करत होते, त्या वेदांचा अधिकार ब्रह्मवृंद छत्रपतींनाही द्यायला तयार नव्हता. हा विरोधाभास कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर घडला. तरीही इंग्रजी सत्तेविरुद्धच्या एका लेखासाठी माणसांना तुरुंगात घालणे हे अन्यायाचेच होते. दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच काळात खऱ्या आहेत. कोल्हापूरच्या इतिहासाची गंमत आणि अडचण दोन्ही इथेच आहे.

छापील अक्षराचा प्रश्न आला की ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर बाजू एकमेकींत किती मिसळतात हे त्याआधीही दिसले होते. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो असे आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर केले. त्या पायी १८८२ साली या पत्रांचे संपादक टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. त्यांच्या जामिनासाठी खटपट केली ती जोतीराव फुल्यांनी, आणि जामीन राहिले सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे. टिळक-आगरकरांशी मतभेद कितीही असोत, दरबारच्या कारभारावर लिहिल्याबद्दल पत्रकर्त्याला बेड्या पडू नयेत, एवढे फुल्यांना स्पष्ट दिसत होते. पुढे शाहू महाराजांनी आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला १९२० साली अडीच हजार रुपयांची मदत केली, तीही छापील शब्दाची ताकद ओळखूनच. नगर जिल्ह्यात मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू केला आणि तो तरवडीसारख्या खेड्यातून चालवला. कोल्हापुरात खंडेराव बागलांचा ‘हंटर’, बाळासाहेब पाटलांचा ‘सत्यवादी’, ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’ निघाला. या प्रत्येक पत्रामागे रात्रभर जागणारे जुळारी होते, शाईचे रूळ फिरवणारे होते, पहाटे अंक मोजून गठ्ठे बांधणारे होते. ब्राह्मणी पत्र असो की ब्राह्मणेतर, त्यांचे कष्ट सारखेच आणि त्यांच्या नावांची गैरहजेरीही सारखीच.

सातवळेकरांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले की या सगळ्याला एक वेगळेच वळण मिळते. ते मूळचे चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. खटल्यातून सुटल्यावर काही वर्षांनी ते औंध संस्थानात स्थिरावले. तिथे त्यांनी स्वाध्याय मंडळ काढले आणि वेदांच्या संहिता स्वतःच्या छापखान्यात छापायला घेतल्या. १९४८ नंतर हे सारे गुजरातेतल्या पारडीला गेले. वैदिक स्वरांच्या आडव्या-उभ्या रेघा अक्षरांच्या वर-खाली नेमक्या जागी बसवायच्या, म्हणजे जुळाऱ्याच्या कसबाची शिकस्त. ज्यांच्या लेखापायी कोल्हापूरचा एक मुद्रक तुरुंगात गेला, ते पंडित पुढची कित्येक वर्षे खिळ्यांच्या आणि मुद्रितांच्या सहवासात राहिले. त्यांनी छापलेल्या संहिता आजही अभ्यासकांच्या कपाटात आहेत.

कोल्हापुरात आता खिळ्यांचे छापखाने जवळजवळ उरले नाहीत. ऑफसेट आले, मग संगणक आला, आणि शिशाचे खिळे किलोच्या भावाने मोडीत गेले. ट्रेडल यंत्रावर काम केलेली माणसे पेठांमधून अजून भेटतात. त्यांना विचारले तर ती केसमधल्या घरांचा क्रम घडाघडा सांगतात. पण त्यांच्याआधीच्या दोन-तीन पिढ्यांची नावे मिळवायची तर पुस्तकांच्या अखेरच्या पानाकडेच जावे लागेल. या शहरात करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची संस्था आहे, शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, कितीतरी घरांत आजोबांची कपाटे आहेत. त्यांतले एकेक जुने पुस्तक, एकेक मासिक उघडून शेवटची बारीक ओळ उतरवून घ्यायची: कोणी छापले, कोणत्या पेठेत, कोणत्या साली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला हे काम सहज जमेल. त्यातून करवीरच्या मुद्रकांची एक यादी तयार होईल. ‘विश्ववृत्त’चा अंक हाती आला, की त्या यादीत जोशीरावांचे नाव त्यांच्या छापखान्यासकट, पत्त्यासकट लिहायचे आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात नोंदवायचे: राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा, १९०८.