कल्याणच्या सोनाराची पोढी

फाल्गुनातली सकाळ. उपवन तलाव मागे टाकून रिक्षा येऊरच्या चढाला लागली आणि हवा गार झाली. फाटकाशी उतरून चालायला लागलो. पळसाला पान नव्हतं, नुसती फुलं. काटेसावरीखाली जाड पाकळ्यांचा सडा. कुठेतरी तांबट एका लयीत ठोके देत होता. पिशवीत एकच पुस्तक होतं: थोरोच्या ‘वॉल्डन’चा दुर्गा भागवतांनी केलेला अनुवाद, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या दुर्गाबाईंना हा अमेरिकन माणूस इतका आपला का वाटला असेल, हे झाडांखाली बसून वाचल्याशिवाय कळणार नाही, असं बरेच दिवस वाटत होतं.

हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ला वॉल्डन तळ्याकाठच्या खोपटात राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ला परतला. जमीन त्याचा वडीलधारा मित्र इमर्सन याची. या मंडळींच्या विचाराला मराठीत अतींद्रियवाद म्हणतात. नाव जड आहे, पण गाभा साधा: ईश्वराची ओळख ग्रंथ आणि धर्मपीठ यांच्यामार्फतच व्हायला हवी असं नाही, पान, पाणी, पहाट यांतून ती थेट होऊ शकते. हे बीज त्यांना अटलांटिकपलीकडूनही मिळालं. इमर्सन १८३३मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडला जाऊन वर्ड्‌सवर्थ, कोलरिज आणि कार्लाइल यांना भेटून आला होता. आणि आपली गीता? चार्ल्स विल्किन्सचा इंग्रजी अनुवाद १७८५मध्ये लंडनला छापला गेला, तो या लोकांच्या हाती पडला. तळ्याकाठी थोरो सकाळी गीता वाचत असे. पुढे १८५५मध्ये चोमंडली नावाच्या इंग्रज मित्राने त्याला भारतीय विद्येची ४४ पुस्तकं समुद्रापार पाठवली.

पाड्याच्या वाटेवर डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका भेटल्या. त्यांना वाट देऊन मी एका खडकावर टेकलो. याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी, आणि जवळपास प्रत्येक लेण्याशी पाण्याची पोढी. भिक्षूंनी कातळात पन्हळी खोदून पावसाचं पाणी या टाक्यांत उतरवलं. तिथल्या ब्राह्मी लेखांत दात्यांची नावं आहेत, त्यांत कल्याणची माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. एका लेखात तर कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याची नोंद आहे. बंदरातला सोन्याचा व्यापार, आणि त्या पैशातून जंगलातल्या भिक्षूच्या ओंजळीत पाणी!

थोरोवर एक आक्षेप नेहमी घेतात. तो कसला अरण्यवासी, गाव अर्ध्या तासाच्या चालीवर, अधूनमधून आईकडे जेवायला जायचा. मला हा आक्षेप कधीच पटला नाही, आणि येऊरला तर मुळीच पटत नाही. कान्हेरीचा भिक्षू कल्याण-सोपाऱ्याच्या बाजारपेठांपासून तुटला होता कुठे? एकांताला गाव लागतं आणि गावाला एकांत. जंगल गावाच्या हाकेच्या अंतरावर असणं हे त्या गावाचं भाग्यच. ठाण्याकडे ते अजून आहे. उतरताना खाली उंच इमारतींची रांग थेट डोंगराच्या पायाला भिडलेली दिसली, आणि पोटात कालवलं.

ठाणे स्थानकात धीमी गाडी पकडली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी इथे आली, हे शाळकरी मुलालाही पाठ असतं. पुढचा टप्पा मात्र कुणी आठवत नाही: ठाणे ते कल्याण, १ मे १८५४. त्याच वर्षी ९ ऑगस्टला बॉस्टनमध्ये ‘वॉल्डन’ प्रसिद्ध झालं. त्या पुस्तकातही आगगाडी आहे, तळ्याच्या कडेने जाणारी. तिच्या शिट्टीने थोरो चिडतो, आणि मालगाडीतून येणाऱ्या दूरदेशीच्या वासांनी हरखूनही जातो. दोन्ही भावना खऱ्या आहेत. कळव्याची खाडी ओलांडताना दोन्ही माझ्याही मनात होत्या. पारसिकचा बोगदा १९१६चा, सुमारे १.३ किलोमीटरचा. त्याआधी गाड्या डोंगराला वळसा घालून जात, तसाच वळसा माझ्या गाडीने घेतला. मुंब्र्याचे कडे, मग खाडीकाठची तिवरं, चिखलात एका पायावर उभे बगळे. मध्येच तिवरांवर टाकलेला भराव दिसला आणि मान फिरवावीशी वाटली. दिव्यापासून डब्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. डोंबिवलीला माझ्या खांद्याला टेकून एक पोरगा उभ्या उभ्या झोपला. पुस्तक उघडणं शक्यच नव्हतं.

कल्याणला उतरून खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याकडे गेलो. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीत मराठ्यांची जहाजं बांधली जाऊ लागली. त्याच्याही दीड हजार वर्षं आधी आमचा सोनार इथे कुठेतरी राहत होता. त्याच्या दुकानाचा मागमूस नाही. पोढी आहे.

कठड्याशी बसून तळ्यावरच्या बर्फाचं प्रकरण काढलं. न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला बर्फ १८३०च्या दशकापासून जहाजांनी मुंबईला येत होता, फोर्टात त्याच्यासाठी बर्फघर होतं. १८४६-४७च्या हिवाळ्यात वॉल्डनवरही मजूर आले, बर्फाच्या लाद्या कापून त्यांनी काठावर दहा हजार टनांची रास रचली. ते पाहून थोरोच्या मनात आलं, की मुंबई-कलकत्त्याची माणसं माझ्याच विहिरीचं पाणी पितात. सकाळी वाचलेल्या गीतेच्या देशाशी त्याने असं पाण्याचं नातं जोडलं. पण त्या राशीतला बराचसा बर्फ कुठे गेलाच नाही, हेही त्यानेच लिहून ठेवलं आहे. गवताखाली झाकलेली रास सप्टेंबर १८४८पर्यंत हळूहळू वितळली आणि बहुतेक पाणी तळ्याला परत मिळालं.

भरती सुरू झाली होती. खाडीचं पाणी ठाण्याच्या बाजूने आत येत होतं, आणि काठाला बांधलेली एक होडी चिखलातून सुटून हलायला लागली.