राजूरचें घर कीं दुबईचें?

गेल्या माघांत, गणेशजयंतीच्या निमित्तानें, आमचें सारें कुटुंब बऱ्याच वर्षांनीं राजुरास एकत्र जमलें. जालन्याच्या उत्तरेस सुमारें २५ किलोमीटरांवर, भोकरदन तालुक्यांतील हें क्षेत्र गणपतीच्या साडेतीन पीठांपैकीं एक पूर्ण पीठ मानलें जातें. अंगारकीस येथें पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. एरवीं गांव शांत असतो. पंक्ति उठल्या आणि आमच्या पडक्या घराच्या ओसरीवर विषय निघाला तो सुटींतील वस्तीचा. सर्वांची मिळून थोडी शिल्लक आहे. तींतून हें घर दुरुस्त करावें, कीं परदेशीं एखादें बिऱ्हाड विकत घ्यावें?

परदेशाचा पक्ष आमच्या दुबईस राहणाऱ्या पुतण्याचा. त्याचें म्हणणें टाकाऊ नव्हतें. तेथें २००२ पासून ठराविक भागांत परकीयांस पूर्ण मालकीनें घर घेतां येतें. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें प्रत्येक माणसास एका आर्थिक वर्षांत २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवितां येते, आणि एका कुटुंबांतील माणसें आपापल्या रकमा एकत्र करूं शकतात. "काका, येथें आपण वर्षांतून किती दिवस येतों?" असें त्यानें विचारलें, तेव्हां आम्ही सारेच खालीं पाहूं लागलों.

मग कागद-पेन्सिल पुढें आली. २०२५ पासून अशा पाठवणींत १० लाख रुपयांपुढील रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापला जातो. तो पुढें प्राप्तिकरांत वळता होत असला तरी तोंवर पैसा अडकतो. इमारतीच्या देखभालीचा आकार, आपण राहा वा न राहा, दर वर्षीं भरावा लागतो. शिवाय स्थावर मिळकतीचा वारसा सामान्यतः ती ज्या देशांत असते तेथील कायद्यानें ठरतो. एकत्र कुटुंबानें हें विसरून चालत नाहीं.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट मांडली पाहिजे. राजुरास पाण्याचें दुर्भिक्ष आहे. २०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्हा विसरलेला नाहीं. येथील पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास. तरीही १०० चौरस मीटर छपरावर तेवढ्यानें ७०,००० लिटर पाणी पडतें. वाया जाणारें सोडून ५०,००० लिटर टांक्यांत साठविलें, तर दहा माणसांना रोजीं शंभर लिटरप्रमाणें पन्नास दिवस पुरेल. राहिली उन्हाची गोष्ट. पण वैशाखांत दुबई आणि जालना ह्या सख्ख्या बहिणीच!

थोरले बंधु मात्र हिशेबांत शिरलेच नाहींत. "आपली माती सोडून पैसा बाहेर घालूं नये," एवढेंच ते म्हणाले. तें मला पटलें नाहीं. हें भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथील लोकांच्या दानांची नोंद सांचीच्या शिलालेखांत आहे. इटलींत पाँपेई येथें, इ. स. ७९ मधील ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडली गेलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ति १९३८ सालीं सांपडली. तिच्याशीं मिळतीजुळती मूर्ति भोकरदनच्या उत्खननांत निघाली आहे. ज्या भूमीचे धागे दोन हजार वर्षांपूर्वीं रोमपर्यंत पोंचले होते, तिनें परदेशाचा विटाळ मानावा काय?

इतका वेळ मातोश्री वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं नातवाला विचारलें, "बाळ, तिकडच्या घराची किल्ली रे कोणापाशीं राहायची?"

"एका कंपनीपाशीं, आजी. त्याचे ठरलेले पैसे द्यायचे."

"आणि इथली?"

कोणी बोललें नाहीं. इथली किल्ली शेजारच्या घरीं खुंटीला असते. त्या घरची सून दर चतुर्थीला आमचें दार उघडते, केर काढते, देवापुढें दिवा लावते. आम्हीं तिला कधीं एक पैसाही दिला नाहीं. आणि गेल्या सहा वर्षांत आमच्यापैकीं एकही जण येथें मुक्कामास राहिला नव्हता, हेंही तेव्हांच ध्यानांत आलें.

मला वाटतें, सुटीचें घर देशांत असावें कीं परदेशांत, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, त्याचें दार वर्षांतून किती दिवस उघडेल, हा. जेथें मुलें-नातवंडें खरोखर राहणार असतील, तेथें घर घ्यावें, मग तें कोठेंही असो. जेथें आठ दिवसच जावयाचें, तेथें भाड्याची खोली बरी. आम्हीं दुरुस्तीचें ठरविलें तें एका अटीवर: प्रत्येक शाखेनें वर्षांतून पंधरा दिवस येथें राहावयाचें. जी शाखा सलग दोन वर्षें येणार नाहीं, तिनें ह्या घराविषयीं मत देऊं नये.

भिंतीवर तारखा मांडल्या गेल्या. भाद्रपदांतील पहिली पाळी पुतण्यानें स्वतःहून मागून घेतली. थोरल्या बंधूंच्या नांवापुढील जागा अजून रिकामी आहे.